इदालिओनचा कांस्यपट आणि आमची तांबडी शाई

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकाच्या हातीं तांबडी शाई आली म्हणजे त्याची दृष्टि कशी पालटते, हें तुम्हांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ती शाई तुमच्या वह्यांवर पडते. तुमच्या हातीं ती येत नाहीं. ज्या वाक्यांत एखाद्या मुलानें आपलें अंतःकरण ओतलेलें असतें, त्याच वाक्यांत आम्हां शिक्षकांस प्रथम दिसतो तो चुकलेला र्‍हस्व, सुटलेला अनुस्वार आणि मोडलेलें जोडाक्षर. शुद्धलेखन शिकविणें हें आमचें कर्तव्य आहे आणि तें आम्हीं पुढेंही सोडणार नाहीं. परंतु त्या कर्तव्याच्या भरांत आमच्या हातून एक अन्याय घडला. आणि तो अन्याय आहे असें आम्हांस कोणी दाखवून दिलें, तर सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं एका दूरच्या बेटांत कांशाच्या पत्र्यावर कोरलेल्या एका लेखानें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आम्ही पदवी घेऊन नुकतेच शाळेंत रुजू झालों होतों. अंगीं उत्साह पुष्कळ होता, अनुभव मात्र नव्हता. त्या वर्षीं आमच्या वर्गांत नदीकांठच्या एका लहान गांवाहून आलेला एक मुलगा होता. तो वसतिगृहांत राहत असे. त्याचें नांव आम्ही येथें सांगत नाहीं. मुलगा अबोल, पण निबंध लिहावयास दिला कीं चार पानें भरून आणी. त्या पानांत ‘ग्रंथ’ हा ‘गिरंथ’ होई, ‘प्रीति’ ही ‘पिरीती’, ‘कृपा’ ही ‘किरपा’ आणि ‘प्रभु’ हा ‘परभू’. अनुस्वार तर तो बहुधा देतच नसे. आम्ही वर्गांत पुनःपुनः समजावून सांगितलें, दहा दहा वेळां शब्द लिहून घेतले, पण गुण आला नाहीं.

एके दिवशीं ‘माझे वडील’ या विषयावरील निबंध तपासून आणले. त्याच्या वहीचें पहिलें पान आमच्या शाईनें इतकें तांबडें झालें होतें कीं खालचें काळें अक्षर दिसेना. दुसर्‍या पानाच्या पुढें आम्हीं वाचलेंच नाहीं. वर्गासमोर त्यास उभा केला आणि त्याचें पहिलें पान जसें लिहिलें होतें तसें मोठ्यानें वाचून दाखविलें. वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. तो मुलगा हंसला नाहीं. खालीं मान घालून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याचा निबंध अर्ध्या पानापलीकडे कधीं गेला नाहीं. आणि त्या अर्ध्या पानांत चुका थोड्या असत, कारण जे शब्द आपणांस नीट लिहितां येत नाहींत ते तो लिहीतच नसे. आमच्या पद्धतीस यश आलें, असें आम्हांस वाटलें. वार्षिक परीक्षा झाली, सुटी लागली, आणि सुटीनंतर तो शाळेंत परत आला नाहीं.

यास बरींच वर्षें लोटलीं. शिक्षणाच्या काळांत आम्हांस नव्या कराराच्या ग्रीक भाषेची थोडीशी ओळख करून देण्यांत आली होती. ती अल्प विद्या विसरूं नये म्हणून फावल्या वेळीं ग्रीक लेखांचीं पुस्तकें चाळण्याची आम्हांस संवय आहे. एकदां रविवारच्या शाळेसाठीं पौल व बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासाचा पाठ तयार करीत होतों. बर्णबा हा मूळचा कुप्र बेटाचा, ज्यास आज आपण सायप्रस म्हणतों त्या बेटाचा. त्या बेटाचा इतिहास पाहतां पाहतां एका पानावर एका कांस्यपटाचें चित्र दिसलें. त्यावरील अक्षरें ग्रीक नव्हतीं. निदान आम्ही शिकलों होतों तीं ग्रीक अक्षरें नव्हतीं. कोठें बाण, कोठें अधिकाचें चिन्ह, कोठें दोन आडव्या रेघा मारलेली उभी काठी. आणि खालीं लिहिलें होतें कीं या लेखाची भाषा ग्रीक आहे. आमचें कुतूहल जागृत झालें.

ही लिपि म्हणजे सायप्रसची प्राचीन अक्षरलिपि. येथें ‘अक्षर’ हा शब्द आपल्या अर्थानें घ्यावा. ग्रीक वर्णमालेंत ‘क’चा उच्चार दाखविण्यास एक चिन्ह आणि ‘आ’चा दाखविण्यास दुसरें, परंतु या लिपींत ‘का’ एवढा उच्चार मिळून एकच चिन्ह. स्वर पांच : आ, ए, इ, ओ, उ. त्यांत र्‍हस्वदीर्घाचा भेद नाहीं. व्यंजनें थोडीं. तीं या पांच स्वरांशीं मिळून झालेलीं एकंदर सुमारें ५५ चिन्हें. ही एक प्रकारची बाराखडीच होय. बाराखडी नव्हे, पांचखडी म्हणा. पण आपल्या बाराखडींत ‘क’, ‘कि’, ‘कु’ हीं एकाच कुटुंबांतील भावंडें आहेत हें पाहतांच कळतें. कारण ‘क’ कायम राहून त्यास वेलांटी किंवा उकार लागतो. सायप्रसच्या लिपींत तसें नाहीं. ‘का’चें चिन्ह पाहून ‘कि’चें चिन्ह ओळखतां येणार नाहीं. प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणें पाठ करावें लागे. बाणासारखें चिन्ह म्हणजे ‘ति’, अधिकाचें चिन्ह म्हणजे ‘लो’, दोन आडव्या रेघांची काठी म्हणजे ‘पा’.

ही लिपि मुळांत ग्रीक भाषेसाठीं निर्माण झालेली नव्हती. ग्रीक लोक त्या बेटांत येऊन वसण्यापूर्वींच तेथें एक लिपि चालत होती. तीस विद्वान् सायप्रो-मिनोअन असें म्हणतात आणि तिचा संबंध क्रीट बेटांतील प्राचीन लिपीशीं जोडतात. त्या लिपींतील भाषा अद्याप कोणास उलगडलेली नाहीं. ग्रीक लोक आले, त्यांनीं ती लिपि पाहिली आणि तिच्यापासून झालेलीं चिन्हें आपल्या भाषेसाठीं वापरावयास घेतलीं. सन १९७९ मध्यें प्राचीन पाफोसजवळील स्कालेस येथल्या स्मशानभूमीच्या उत्खननांत मांस भाजण्याची कांशाची एक सळई सांपडली. तीवर पांचच चिन्हें आहेत : ओ-पे-ले-ता-उ, म्हणजे ‘ओफेल्तासची’. इ. स. पूर्वीं ११ व्या ते १० व्या शतकाच्या सुमाराची ही सळई आहे. मालकानें आपल्या वस्तूवर आपलें नांव कोरलें, एवढीच गोष्ट. पण सायप्रसमधील ग्रीक भाषेचा आज हातीं असलेला हा सर्वांत जुना लेखी पुरावा होय. शब्दाचा षष्ठीचा प्रत्ययही तेथील बोलीचाच आहे.

ती बोलीही लक्षांत घेण्यासारखी आहे. ग्रीक भाषेच्या अनेक बोली होत्या. सायप्रसची बोली मुख्य ग्रीस देशाच्या आंतल्या डोंगराळ भागांतील आर्केडिया प्रांताच्या बोलीस सर्वांत जवळची. मध्यें समुद्र एवढा मोठा, तरी दोघी सख्ख्या बहिणी. म्हणून विद्वान् त्यांस एकत्र आर्केडो-सायप्रियट असें नांव देतात. आथेन्सचे लोक ‘आणि’ या अर्थीं ‘काइ’ म्हणत, तर सायप्रसचे लोक ‘कास’ म्हणत. ‘नगर’ यास इतरत्र ‘पोलिस’ म्हणत, तर येथें ‘प्तोलिस’ हें जुनें रूप चालूं होतें. इतर बहुतेक ठिकाणीं लोपत चाललेला ‘व’चा उच्चार यांनीं जतन करून ठेविला होता.

आतां अडचण पाहा. चिन्हें स्वरान्त, पण ग्रीक भाषेंत जोडाक्षरें पुष्कळ आणि शब्दाच्या शेवटीं ‘स्’ किंवा ‘न्’ येण्याची फार खोड. आपल्याकडे पाय मोडण्याची सोय आहे, जोडाक्षराची सोय आहे. त्यांच्याकडे यांपैकीं कांहींच नव्हतें. मग त्यांनीं काय केलें? जोडाक्षर फोडलें आणि मध्यें एक खोटा स्वर घातला. ‘प्तोलिन्’ लिहावयाचें तर पो-तो-लि-ने. शेवटचा ‘ए’ वाचावयाचा नाहीं, पहिला ‘ओ’ही वाचावयाचा नाहीं. राजास ‘बासिलेउस्’ म्हणत. तें लिहीत पा-सि-ले-उ-से. येथें आणखी एक गोष्ट दिसेल, कीं ‘ब’साठीं ‘प’च लिहिला आहे. त्यांच्या लिपींत प, फ, ब या तिहींस एकच चिन्ह. त, थ, द यांस एकच. क, ख, ग यांस एकच. आणि व्यंजनापूर्वींचा अनुनासिक तर ते लिहीतच नसत. ‘आन्थ्रोपोस्’ म्हणजे मनुष्य. तो लिहिला जाई आ-तो-रो-पो-से. अनुस्वार गेला, ‘थ’चा ‘त’ झाला, जोडाक्षर फुटलें.

आम्ही हें वाचीत असतां मौजेखातर कागदावर आपल्याकडील शब्द त्या नियमांनीं लिहून पाहूं लागलों. ‘प्रभाकर’ हें नांव झालें पा-रा-पा-का-रे. ‘भात’ आणि ‘बात’ हीं दोन्ही एकच झालीं : पा-ते. मग लिहिलें ‘प्रीति’. तें झालें पि-रि-ति. मग ‘कृपा’, ती झाली कि-रि-पा. येथें आमची लेखणी थांबली. ‘पिरीती’ आणि ‘किरपा’ हे शब्द आम्हीं पूर्वीं कोठें पाहिले होते आणि कोणत्या रंगाच्या शाईनें खोडले होते, हें आम्हांस आठवलें.

परंतु प्रथम त्या कांस्यपटाची गोष्ट पुरी करूं. सायप्रसच्या मध्यभागीं इदालिओन नांवाचें एक नगर होतें. तेथें आज दाली नांवाचें गांव आहे. तेथील हा पट फ्रान्समधील एक विद्वान् सरदार ल्युइनचा ड्यूक यानें सन १८५० मध्यें विकत घेतला आणि १८५२ मध्यें प्रसिद्ध केला. आज तो पॅरिस येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहांत आहे. दोन्ही बाजूंस मिळून ३१ ओळी. इतका लांब लेख या लिपींत दुसरा नाहीं. पण तो वाचावा कोणी? १८५५ मध्यें रोट नांवाच्या एका जर्मन पंडितानें तो आपणांस वाचतां आला असें समजून, हा मिसर देशाच्या आमासिस राजाचा जाहीरनामा आहे असें प्रसिद्ध केलें. त्या वाचनांत खरें असें कांहींच नव्हतें. विद्वत्तेसही भ्रम होतो, हें यावरून ध्यानीं ठेवावें.

पुढें सन १८६९ मध्यें त्याच दाली गांवीं रॉबर्ट हॅमिल्टन लँग यास एक द्विभाषी शिलालेख मिळाला. त्यांतील एक भाग फिनिशियन भाषेंत होता आणि ती लिपि वाचतां येत असे. दुसरा भाग या अज्ञात चिन्हांचा. फिनिशियन भागांत कितिओन व इदालिओन यांचा राजा मिल्कियातोन याच्या कारकीर्दीच्या ४ थ्या वर्षाचा उल्लेख आहे. तें वर्ष इ. स. पूर्वीं ३८८ असें धरतात. हा लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझिअममध्यें गेला आणि तेथें जॉर्ज स्मिथ याच्या हातीं पडला.

या जॉर्ज स्मिथची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी. त्याचा जन्म सन १८४० चा. चौदाव्या वर्षीं शाळा सुटून तो लंडनमधील एका छापखान्यांत नोटांचें कोरीवकाम शिकण्यास राहिला. दुपारच्या सुटींत इतर कामकरी जेवीत, त्या वेळीं हा म्युझिअममध्यें जाऊन बाबिलोनच्या विटांवरील बाणाकृति अक्षरें पाहत बसे. पुढें तेथेंच त्यास नोकरी मिळाली. त्यानें या द्विभाषी लेखांतील नांवें जुळविलीं. ‘राजा’ हा शब्द जेथें असावयास पाहिजे तेथें चिन्हांचा एक समूह दिसे. पण दोन ठिकाणीं त्याचें रूप थोडें निराळें असून शेवटून दुसरें चिन्ह तेवढें बदललेलें होतें. विभक्ति बदलली असतां शेवटून दुसर्‍या ठिकाणीं बदलणारा ‘राजा’ या अर्थाचा शब्द कोणता? ग्रीक ‘बासिलेउस्’, त्याची षष्ठी ‘बासिलेवोस्’. येथें किल्ली सांपडली. सन १८७१ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यानें आपला शोध पवित्र शास्त्रविषयक पुराणवस्तूंच्या लंडन येथील मंडळापुढें वाचला. बर्च, ब्रांडिस, श्मिट, डेके व सीगिस्मुंड या विद्वानांनीं पुढील तीन चार वर्षांत तें काम तडीस नेलें. याच स्मिथनें १८७२ मध्यें मातीच्या फलकांवर जलप्रलयाची कथा वाचून सर्व जगास चकित केलें आणि १८७६ मध्यें, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, प्रवासांत आलेप्पो येथें आजारानें त्याचा अंत झाला. ज्यास शाळेचे बाक चौदाव्या वर्षीं सोडावे लागले, त्यानें पंडितांस अगम्य झालेली लिपि वाचली. नोटा कोरणारास अक्षराच्या सूक्ष्म फरकाकडे पाहण्याची जी संवय लागते, तीच त्याच्या उपयोगी पडली असेल.

लिपि वाचतां येऊं लागल्यावर कांस्यपटही वाचला गेला. मिसरच्या राजाचा जाहीरनामा कोठला? तो निघाला वैद्यांच्या मोबदल्याचा करार. मेद म्हणजे इराणी लोक आणि शेजारच्या कितिओन नगराचे लोक यांनीं इदालिओनला वेढा दिला होता. इ. स. पूर्वीं ५ व्या शतकाच्या पूर्वार्धांतील ही गोष्ट. त्या वेळीं राजा स्तासिकुप्रोस आणि नगर या दोघांनीं ओनासिकुप्रोसचा पुत्र वैद्य ओनासिलोस आणि त्याचे भाऊ यांस विनंति केली कीं, लढाईंत जखमी झालेल्या माणसांवर तुम्हीं वेतन न घेतां उपचार करावे. भावांनीं तें केलें. त्याबद्दल राजा व नगर यांनीं त्यांस एक तालांत रुपें देण्याचें कबूल केलें. आणि त्या रुप्याच्या ऐवजीं राजाच्या जमिनींतून एक जमीन, तींतील झाडांसह, करमाफीनें, विक्रीच्या पूर्ण हक्कानें, कायमची दिली. एकट्या ओनासिलोसला आणखी निराळी जमीन व एक बाग दिली. कोणती जमीन, ती कोणाच्या मळ्यास लागून आहे, कोणत्या नदीपर्यंत जाते, हें सर्व गांवच्या खरेदीखतांत असावें तसें चतुःसीमेसह लिहिलें आहे. पुढें असें आहे कीं, कोणी ओनासिलोसला, त्याच्या भावांस किंवा त्यांच्या मुलानातवंडांस या जमिनींवरून हुसकावून लावील, तर त्यानें तें रुपें भरून द्यावें. शेवटीं राजा व नगर यांनीं शपथपूर्वक हा पट अथीना देवीच्या स्थानीं ठेविला, आणि जो हा करार मोडील तो अधर्माचा धनी होवो, असें लिहिलें.

या लेखांत ‘स्तासिकुप्रोस्’ हें राजाचें नांव सा-ता-सि-कु-पो-रो-से असें लिहिलें आहे. ‘रुपें’ यास आर्गुरोस् म्हणतात. तेंही आ-रा-कु-रो असें फोडून लिहिलें आहे. आमच्या वर्गांत हा पट कोणी निबंध म्हणून आणून दिला असता, तर ३१ ओळींत आमची एक दौत संपली असती. परंतु पॅरिस, लंडन आणि जर्मनी येथील विद्वान् त्यावर वर्षानुवर्षें वांकून बसले. कशासाठीं, तर लिहिणारास काय सांगावयाचें आहे तें समजावें म्हणून. ‘लिहिलें कसें’ हें त्यांनींही सूक्ष्मपणें पाहिलें, आमच्याहून शतपट सूक्ष्मपणें पाहिलें. पण तें पाहिलें तें ‘लिहिलें काय’ येथपर्यंत पोंचण्याचा मार्ग म्हणून. आम्ही मार्गावरच दगड मोजीत बसलों होतों.

त्या करारांतील ‘कायमचें’ हा शब्द फार दिवस टिकला नसावा. त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास इदालिओन हें कितिओनच्या ताब्यांत गेलें. वर सांगितलेल्या द्विभाषी लेखांत मिल्कियातोन हा दोन्ही नगरांचा राजा म्हणून जो येतो तो याचमुळें. ज्या शत्रूच्या वेढ्यांत ते वैद्य राबले, त्याच शत्रूच्या भाषेच्या साह्यानें त्या वैद्यांचा करार पुढें जगास वाचतां आला, ही ईश्वरी योजनेची लीलाच म्हणावी.

लिपि मात्र टिकली. इतर ग्रीकांनीं इ. स. पूर्वीं ८ व्या शतकाच्या सुमारास फिनिशियनांपासून वर्णमाला घेतली. सायप्रसमध्यें तर फिनिशियन लोक शेजारींच राहत होते, तरीही सायप्रसच्या ग्रीकांनीं आपलीं जुनीं चिन्हें सोडलीं नाहींत. सालामिसचा राजा एवागोरास (इ. स. पूर्वीं ४११ ते ३७४) याच्या नाण्यांवर आपलीं चिन्हें आणि नवीं अक्षरें हीं दोन्ही येऊं लागलेलीं दिसतात. पुढें बेट मिसरच्या टॉलेमी राजांकडे गेलें, नगरराज्यें मोडलीं, सर्वत्र सामान्य ग्रीक भाषा व वर्णमाला पसरली. कफीझिन येथील एका टेंकडीवरील देवतेच्या गुहेंत इ. स. पूर्वीं २२५ ते २१८ या काळांत भक्तांनीं वाहिलेल्या मृत्पात्रांवर दोन्ही लिपींतील लेख आहेत. त्यानंतर ती जुनी लिपि मावळली. पौल व बर्णबा त्या बेटांत उतरले तेव्हां ती जाऊन दोनशेंहून अधिक वर्षें झालीं होतीं.

तरी तिचें एक काम शिल्लक होतें. क्रीट बेटांत व पिलोस येथें मातीच्या फलकांवर आणखी जुनी एक लिपि सांपडली होती. तीस ‘लिनिअर बी’ म्हणतात. तिचीं कांहीं चिन्हें सायप्रसच्या चिन्हांसारखीं दिसत. सर आर्थर एव्हन्स यांच्यापुढें घोड्यांच्या यादीचा एक फलक होता. सायप्रसच्या रीतीनें वाचलें तर त्यावर ‘पो-लो’ असा शब्द होई, आणि ग्रीक भाषेंत ‘पोलोस्’ म्हणजे शिंगरूं. परंतु ती भाषा ग्रीक असणें शक्य नाहीं अशी त्यांची दृढ समजूत असल्यामुळें, समोर आलेला तो शब्द त्यांनीं बाजूस सारला. सन १९५२ मध्यें मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञानें ती लिपि उलगडली, तेव्हां भाषा ग्रीकच निघाली आणि तें शिंगरूंही खरें ठरलें. मन अगोदरच ठरवून बसलें म्हणजे डोळ्यांपुढचेंही वाचतां येत नाहीं. आतां सन २००३ पासून सायप्रसच्या लिपीच्या ५५ चिन्हांस संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत, म्हणजे युनिकोडमध्यें, स्थान मिळालें आहे. मेलेल्या लिपीसही मनुष्यानें एवढा मान दिला.

आणि आम्हीं एका जिवंत मुलास काय दिलें? त्या रात्रीं आम्हीं जुनें कपाट उघडलें. त्या मुलाची निबंधाची वही आमच्याकडेच राहून गेली होती. तो गेला तेव्हां मागावयास कोणी आलें नव्हतें. तांबड्या शाईकडे न पाहतां काळें अक्षर वाचावयाचें, असा निश्चय करून आम्हीं ‘माझे वडील’ हा निबंध प्रथमच शेवटपर्यंत वाचला.

त्याचे वडील गांवचे हाडवैद्य होते. एके वर्षीं नदीस पूर येऊन घरें पडलीं, भिंतींखालीं माणसें सांपडलीं. तीन दिवस व तीन रात्री वडिलांनीं बांबूच्या कांबी बांधून लोकांचे मोडलेले हातपाय सरळ केले. पैसा घ्यावयाचा नाहीं हा त्यांच्या घरचा नियम. गांवकर्‍यांनीं चावडीवर बसून ठरविलें कीं, सुगीच्या वेळीं घरटीं एक पायली जोंधळा हाडवैद्याकडे पोंचता करावा. पुढें मुलानें लिहिलें होतें कीं पहिल्या सुगीस पुष्कळ घरांनीं दिला, दुसर्‍या सुगीस थोड्यांनीं, आणि तिसर्‍या सुगीस कोणास आठवण राहिली नाहीं. निबंधाच्या शेवटच्या ओळी अशा होत्या : ‘बा मोजत न्हाई. म्या मोजतो.’

या दोन ओळींवर आमची शाई पडलेली नव्हती. त्या चौथ्या पानावर होत्या आणि आम्ही तेथपर्यंत गेलोंच नव्हतों.

इदालिओनच्या राजानें वैद्याचें ऋण कांशावर कोरविलें. त्या गांवीं तें कोरणारें कोणी नव्हतें. एका बारा तेरा वर्षांच्या मुलानें तें आपल्या वहींत, येत होतें तशा अक्षरांत, लिहून ठेविलें होतें, आणि तें वाचावें म्हणून आपल्या शिक्षकाच्या हातीं दिलें होतें. त्या शिक्षकानें त्यांतील जोडाक्षरें मोजलीं.

दुसर्‍या दिवशीं शाळेच्या जुन्या पटावरून त्याच्या गांवचा पत्ता काढून आम्हीं पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आलें नाहीं. पुढें दुसरेंही लिहिलें. तेंही तसेंच गेलें. हा वार्षिक अंक आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या हातीं दूरदूर जातो, म्हणून या लेखाच्या रूपानें हें तिसरें पत्र लिहीत आहों. बाळा, तूं आतां बाळ राहिला नसशील. तथापि आमच्या मनांत तूं त्याच वयाचा आहेस. तुझी वही आम्हांपाशीं सुरक्षित आहे. ती आम्हीं शेवटपर्यंत वाचली. तुझ्या निबंधास आम्हीं त्या वेळीं जे गुण दिले ते चुकीचे होते. वर्गापुढें तुला हंसलों, म्हणून वर्गापुढेंच त्याची कबुली देणें योग्य. ती येथें देत आहों.

शुद्धलेखन आम्ही आजही शिकवितों, आणि ‘गिरंथ’ दिसला तर त्याखालीं रेघ आजही मारतों. परंतु वही हातीं आली म्हणजे प्रथम दौतीचें झांकण न उघडतां ती आरंभापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदां वाचून काढावयाची, हा नियम त्या रात्रीपासून आम्हीं पाळला आहे. यांत वेळ दुप्पट लागतो. पण प्रत्येक वहीच्या चौथ्या पानावर कोणाचें कोणतें ऋण लिहिलेलें असेल, हें दुसर्‍या कोणत्या उपायानें समजणार?